चहातली साखर, आमटीतला गूळ आणि वजनाचा काटा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चाळिशीच्या आत, बैठं काम, वजन ७८ किलो. दिवसातून चार वेळा चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर आणि दोनदा सोबत बिस्किटं. गोडधोड फारसं होत नाही. घरात चार माणसं, स्वयंपाक सगळ्यांचा एकच. साखर कमी केली तर वजन किती उतरेल, साखरेऐवजी गूळ चालेल का, आणि चहा सुटत नाही त्याचं काय करायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. चहा सोडू नका. साखर कमी करायची म्हणून चहाच बंद करणाऱ्यांचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते आणि चौथ्या दिवशी दोन चमचे साखर घातलेला चहा पुन्हा हातात येतो. ही डोकेदुखी साखर गेल्याची नसते, ती कॅफीन अचानक थांबल्याची असते. दोन्ही एकदम सोडले की दोष साखरेवर जातो आणि ‘मला साखर लागतेच’ असा समज पक्का होतो. चहा राहू द्या, फक्त त्यातली साखर काढायची आहे.

‘गोडधोड फारसं होत नाही’ हे बहुतेक घरांत खरंच असतं. पण साखर मिठाईतून कमी आणि रोजच्या चहा-नाश्त्यातून जास्त येते. ती मोजायचा सोपा मार्ग म्हणजे वाण्याची यादी. महिन्याला घरात साखर किती येते ते बघा. चार माणसांत ५ किलो साखर संपत असेल तर माणशी दिवसाला ४२ ग्रॅम पडते. वर एक किलो गूळ असेल तर आणखी ८ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅम झालीच, आणि यात बिस्किटं, सॉस, ऑफिसमधला चहा, लग्नातलं जेवण काहीच धरलेलं नाही. पाहुणे आणि सणाचा महिना सोडून दोन-तीन महिन्यांची सरासरी काढा, म्हणजे आकडा खरा येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेसाठी एकूण उष्मांकांच्या १० टक्के ही मर्यादा सांगितली आणि ५ टक्क्यांच्या खाली गेलात तर अधिक बरं असं सुचवलं. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनाही दिवसाला २० ते २५ ग्रॅमवर थांबायला सांगतात. या हिशेबात गूळ, मध, काकवी आणि फळांचा रसही येतो. अख्खं फळ आणि दुधातली मूळची साखर येत नाही.

आता वजनाचं गणित, तेही फुगवून न सांगता. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी. चौघांच्या घरात ५ किलो साखर आणि एक किलो गूळ यावरून २ किलो साखर आणि अर्धा किलो गुळावर आलात, तर माणशी दिवसाला साधारण २९ ग्रॅम वाचतात. म्हणजे ११७ कॅलरी, महिन्याला ३५००. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी धरतात. त्यामुळे बाकी काहीही न बदलता कागदावर महिन्याला अर्धा किलोच्या जरा आतच उतार दिसतो. प्रत्यक्षात त्याहून थोडा कमीच, कारण वजन घटतं तशी शरीराची गरजही घटते. ‘साखर सोडली आणि महिन्यात पाच किलो गेले’ असं कोणी सांगत असेल तर साखरेबरोबर बिस्किटं, बेकरी, फरसाण आणि कोल्ड्रिंकही गेलेलं असतं, आणि पहिल्या आठवड्यातला उतार बराचसा पाण्याचा असतो. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तो साठा कमी झाला की ते पाणीही जातं.

तरीही साखरेपासूनच सुरुवात करायला मी सांगते, कारण ती काढल्याने पोट रिकामं राहत नाही. अर्धी पोळी कमी केली तर भूक लागते. चहातली आठ चमचे साखर गेली तर पोटाला पत्ता लागत नाही, तक्रार फक्त जीभ करते.

पहिलं काम चमचा मोजण्याचं. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर मावते, तोच चमचा शीग लावून भरला तर ७-८ ग्रॅम. घरातल्या रोजच्या चमच्याने, रोजच्या सवयीने दहा चमचे साखर एका वाटीत काढा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि दहाने भागा. ‘दोनच चमचे’ म्हणणाऱ्यांच्या कपात कधी ८ तर कधी १५ ग्रॅम निघते. आणि आपल्याकडे साखर कपात पडत नाही, पातेल्यात पडते. चौघांचा चहा एकत्र उकळला की ज्याला कमी हवी त्यालाही सगळ्यांएवढीच मिळते. म्हणून पहिला बदल हा करा: चहा बिनसाखरेचा करायचा आणि साखर कपात घालायची. घरातल्या बाकीच्यांना त्यांची साखर हवी तेवढी घेऊ दे, यावरून भांडण नको.

बिनसाखरेचा चहा कडू लागतो ही तक्रार बहुतेक वेळा चहा करण्याच्या पद्धतीची असते. बारीक डस्टची पावडर दहा मिनिटं रटारटा उकळली की तुरटपणा उतरतो, आणि तो झाकायला साखर लागते. दोन कपांसाठी एक कप पाणी घ्या, त्यात ठेचलेलं आलं, गवती चहाची दोन पाती किंवा एखादी वेलची घालून तीन-चार मिनिटं उकळा. आलं आधी पाण्यात उकळल्याने पुढे दूधही फाटत नाही. मग दोन छोटे चमचे दाणेदार पत्ती टाका, एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करून तीन मिनिटं झाकून ठेवा. दूध वेगळं गरम करून एक कप घाला आणि गाळा. हा चहा सौम्य होतो आणि दुधाचा स्वतःचा हलका गोडवा जाणवतो. आधीच्या पद्धतीच्या चहातून साखर काढली तर तो पिववत नाही, यात पिणाऱ्याचा दोष नाही.

साखर एकदम बंद करू नका. दोन सपाट चमच्यांवरून दीड, आठवड्याने एक, पुढच्या आठवड्याने पाऊण, मग अर्धा. कुठल्या टप्प्यावर जीभ अडली तर तिथे दोन आठवडे थांबा, मागे फिरू नका. साधारण दोन महिन्यांत पूर्वीचा चहा पाकासारखा वाटायला लागतो. शेवटचा अर्धा चमचा सोडायचा हट्ट बहुतेकांनी धरू नये असं माझं मत. चार कपांत मिळून ८-१० ग्रॅम होतात, ते चालतं. तो अर्धा चमचा वाचवायला जाऊन संध्याकाळी दोन लाडू खाण्यात काही अर्थ नाही. ऑफिसच्या मशीनचा चहा बहुधा आधीच गोड असतो. तिथे बिनसाखरेचं बटण नसेल तर चारपैकी तो एक कप कमी करा किंवा काळी कॉफी घ्या.

आता गूळ. साखरेऐवजी गूळ घेतला की वजन उतरतं, हा गैरसमज गुळाच्या चहाच्या टपऱ्यांनी गावोगावी पोचवला आहे. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. लोह आणि इतर खनिजं गुळात असतात, पण रोजच्या १० ग्रॅममधून हातात फारसं काही पडत नाही. ती हवीत तर नाचणी, पालेभाजी, हळीव, तीळ आहेत. शिवाय गुळाचा गोडवा साखरेपेक्षा किंचित कमी लागतो, म्हणून हात सैल सुटतो आणि ‘गूळच तर आहे’ म्हणून दुसरा खडाही पडतो. चव आवडत असेल तर जरूर घ्या, फक्त साखरेइतकाच मोजून. (दूध फाटू नये म्हणून गूळ गॅस बंद केल्यावर घालावा.) मधाचा चमचा तर साखरेच्या चमच्याहून जड भरतो, त्यात २० कॅलरी असतात. सकाळी कोमट पाण्यातल्या लिंबू-मधाने चरबी वितळत नाही, दिवसाच्या साखरेत फक्त एका चमच्याची भर पडते. खजुराचे ‘शुगर फ्री’ लाडू, खारीक पावडर, ब्राऊन शुगर, खडीसाखर यांचीही तीच कथा. खजुराच्या गरात साठ टक्क्यांहून जास्त साखरच असते, तंतू आहेत एवढाच फरक. दिवसाला दोन खजूर ठीक, खजूर-सुकामेव्याचे चार लाडू नाहीत.

बिस्किटांवर मात्र जरा थांबायला हवं, कारण तुमच्या यादीत खरा घोटाळा तिथे आहे. साध्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम साखर आणि ४५० कॅलरी असतात. एक बिस्किट साडेपाच ग्रॅमचं धरलं तर दिवसाची आठ बिस्किटं म्हणजे ११ ग्रॅम साखर, पण कॅलरी जवळजवळ २००. चार कप चहातली सगळी साखर मिळून १६० कॅलरी होतात. म्हणजे बिस्किटं साखरेच्या पुढे गेली. मारी बिस्किट हलकं म्हणून सहा-सात खाल्ली जातात, डायजेस्टिव्हमध्ये साखर थोडी कमी पण चरबी २० टक्क्यांच्या घरात. खारीत साखर नसतेच म्हटलं तरी चालेल, पण मैदा आणि वनस्पती तूप भरपूर. टोस्टमध्ये दोन्ही.

चहासोबत काहीतरी लागतंच ही सवय दुपारच्या जेवणाशी जोडलेली आहे. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी एवढंच असेल तर चार वाजता भूक लागणारच. डब्यात मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ, नाहीतर दोन अंडी, सोबत ताक अशी भर घाला आणि चार वाजता मूठभर फुटाणे ठेवा. ३० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ११० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. शेंगदाणे चालतील, पण तेवढ्याच वजनाला १७० कॅलरी, आणि मूठ दुसऱ्यांदा जातेच. साखर कमी करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते: गोड गेलं, त्याच्या जागी शेव, चिवडा, चकली आली. काटा हलत नाही आणि ‘साखर सोडून काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

स्वयंपाकातल्या साखरेबद्दल. आमटीत गूळ पडतो तो चिंच किंवा आमसुलाचा आंबटपणा सावरायला. नुसता गूळ काढला तर आमटी आंबट-तिखट होते आणि घरातले पहिल्याच दिवशी बंड करतात. आधी चिंच कमी करा, मग त्या मानाने गूळ. चौघांच्या आमटीला सुपारीएवढा खडा पुरतो. पोह्यांत साखर लिंबापायी असते, तिथेही हेच. कोशिंबिरीला ताजं, न आंबलेलं दही वापरलं तर साखरेची गरज राहत नाही. शिकरणीत पिकलेलं वेलची केळं असेल तर साखर कशाला? या सगळ्यात मिळून माणशी पाच-सात ग्रॅम वाचतात. फार नाही, पण चव बदलायला याचा उपयोग होतो. भात-आमटीतली चिमूटभर साखर काढून टाकायला मात्र फार जीव आटवू नका, खरी कमाई चहात आणि बाटल्यांत आहे.

बाटल्या म्हणजे सरबतं. अमृत कोकम हा साखरेत मुरवलेल्या कोकमाचा पाक, एका ग्लासात २० ते २५ ग्रॅम साखर सहज जाते. त्याऐवजी आगळ आणा. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला अर्क, त्यात साखर नसते. दोन चमचे आगळ, गार पाणी, जिरेपूड, आणि लागलीच तर अर्धा चमचा साखर. आगळात मीठ भरपूर असतं म्हणून वरून मीठ नको, रक्तदाब असेल तर एका ग्लासावर थांबा. उसाचा रस ताजा आणि नैसर्गिक असला तरी २५० मिलिलिटरच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या पुढे साखर असते, तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये २५ ग्रॅमच्या वर. पातळ पदार्थातल्या कॅलरींनी पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि पुढच्या जेवणात त्या वजा होत नाहीत, म्हणून वजनाच्या दृष्टीने ही साखर सगळ्यात महाग पडते. मुलांच्या दुधातल्या माल्ट पावडरींचाही डबा फिरवून बघा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, ते उगाच नाही.

डब्यामागचा तक्ता वाचताना ‘पर सर्व्ह’चा रकाना सोडून १०० ग्रॅमचा रकाना बघा. त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन वेगळ्या ओळी असतात, आपल्या कामाची दुसरी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिल्या तीन नावांत साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज दिसलं तर तो पदार्थ मुळात गोडच आहे. टोमॅटो सॉसमध्ये साखर पाव हिश्शाच्या आसपास असू शकते. फ्लेवर्ड दही, मध घातलेली म्यूसली, ‘मल्टिग्रेन’ कुकीज हे सगळे याच रांगेतले. ब्राऊन ब्रेडचा रंग पुष्कळदा कॅरॅमलचा असतो.

सणवारी गोड करायचंच. त्यात कुठे कात्री लावायची ते ठरवून घ्या. श्रीखंडाला चक्क्याच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर घालायची पद्धत आहे. ती निम्म्यावर आणता येते, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दही आंबट होण्याआधी, विरजण लागल्या लागल्या टांगायचं, आणि टांगलेलं फडकं फ्रिजमध्ये ठेवायचं. बाहेर रात्रभर लटकलेला चक्का आंबतो आणि मग साखर ओतावीच लागते. दुसरं म्हणजे साखरेने चक्का सैल होतो. साखर कमी पडली की श्रीखंड घट्ट आणि चिकट लागतं, तेव्हा दोन-तीन चमचे दूध किंवा हापूसचा रस घालून फेटा. पुरणाला वाटीभर डाळीला पाऊण वाटी गूळ पुरतो. अर्ध्या वाटीच्या खाली गेलात तर पुरण भुसभुशीत होऊन पोळी लाटताना बाहेर येतं. मुरांबा आणि साखरांब्यात मात्र साखर कमी करू नका, ती तिथे टिकवायचंही काम करते. कमी साखरेचा मुरांबा बरणीत बुरशी धरतो. करायचाच तर आठवड्यापुरता करून फ्रिजमध्ये ठेवा. गोड जेवणाबरोबर खा, चहाबरोबर नको. आमरस बिनसाखरेचा वाटीभर चालतो, मात्र त्या दिवशी दुसरं गोड नाही आणि पुऱ्या दोन.

उपवासाला साखर चोरपावलांनी येते: राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, साबुदाण्याची खीर, गोड लस्सी. आठवड्यातून दोन उपवास असतील तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी, ताक, एखादं फळ असा बेत करा. साबुदाण्यात साखर नसली तरी तो जवळजवळ निव्वळ पिष्टच.

गोडव्याच्या गोळ्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये असं सुचवलं. दोन महिने चहा सुसह्य व्हावा म्हणून वापरायच्या असतील तर हरकत नाही. पण जिभेची गोडाची पातळी त्यांनी खाली येत नाही, हे लक्षात ठेवा. अ‍ॅस्पार्टेमची गोळी उकळत्या चहात टाकू नका, उष्णतेने तिचा गोडवा जातो, कपात ओतल्यावर घाला. ‘शुगर फ्री’ मिठाईत खवा, काजू आणि तूप नेहमीएवढंच असतं.

वजन आठवड्यातून तीन-चार दिवस, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करा आणि त्याची सरासरी लिहा. एका दिवसाचा आकडा मीठ, पाणी आणि पाळीप्रमाणे एक-दीड किलो इकडेतिकडे होतो. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात. सहा आठवडे साखरेचा डबा खरंच कमी संपतोय आणि तरी सरासरी जागची हलत नसेल, तर महिन्याचं तेल मोजा. चौघांत ४ किलो तेल जात असेल तर माणशी ३३ ग्रॅम म्हणजे ३०० कॅलरी होतात, आणि आता तिथे हात घालायला हवा. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं हेही जोडीला असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

घरात कोणी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेत असेल, तर त्यांची साखर तुमच्याबरोबर परस्पर कमी करू नका. आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. औषध तेवढंच आणि खाणं कमी, यात रक्तातली साखर घसरून घाम, थरथर, गरगरणं होतं. तसं झालं तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि नंतर पोळी किंवा बिस्किटं खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.